मुलीसाठी मानाचं नाव: कोश, कान आणि जन्मदाखला

मानाच्या अर्थाचं संस्कृत नाव शोधताना बहुतेक जण ‘मान’ या अक्षरांपासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात. मानसी हे नाव मनस् म्हणजे मनापासून आलं, मानवी मनूपासून. नावं दोन्ही छान, पण मानाशी त्यांचं नातं नाही. गौरी म्हणजे गोऱ्या वर्णाची, तिचा गौरवाशी संबंध नाही. अदितीचा आदराशी नाही. सन्मती हे नाव कोल्हापूर-सांगली भागातल्या जैन घरांत चांगलं ओळखीचं आहे, कारण ते भगवान महावीरांचं एक नाव. पण त्यातला ‘सन्’ सत् मधून आला: सत् अधिक मती, म्हणजे चांगली बुद्धी. सन्मान मात्र सम् अधिक मान. संस्कृतात तो सम्मान होता, मराठीनं त्याचा सन्मान केला. म्हणून आवाजावरून अर्थ लावायचा नाही, धातू बघायचा.

इंटरनेटवरच्या याद्यांत तर मायरा, नायरा, कियारा यांनाही ‘संस्कृत, अर्थ आदरणीय’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. मायरा इंग्रजी कवितेतून आलं, कियारा हे इटालियन नावाचं रूप. नायरा संस्कृत कोशात नाही. नाव आवडलं तर खुशाल ठेवा, मात्र बारशाला आलेल्या भटजींना त्याचा संस्कृत अर्थ सांगायला जाऊ नका.

धातू आधी, नाव मागून

संस्कृतात मानाचे झरे मोजकेच आहेत. मान् आणि मह् म्हणजे आदर करणं. अर्ह् म्हणजे योग्य असणं, मानाला पात्र असणं. अर्च् आणि पूज् म्हणजे पूजणं. वन्द् म्हणजे वंदन करणं. आ उपसर्ग लागलेला दृ म्हणजे आदर दाखवणं, आपला ‘आदर’ शब्द तिथलाच. याशिवाय यशस् आणि कीर्ती हे लौकिकाचे शब्द, आणि गुरु म्हणजे जड यापासून निघालेले गौरव आणि गरिमा. मान म्हणजे वजन ही कल्पना मराठीतही आहेच की. ‘गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे’ असं आपण म्हणतो, तीच गरिमा.

तयार यादीच हवी असेल तर अमरकोश या संस्कृत समानार्थी शब्दांच्या जुन्या कोशाइतकी नेटकी दुसरी नाही. त्यात पूजा-आदर या अर्थाचे सहा शब्द एका ओळीत दिलेत: पूजा, नमस्या, अपचिती, सपर्या, अर्चा, अर्हणा. सगळे स्त्रीलिंगी, त्यामुळे मुलीच्या नावासाठी काही जोडकाम करावं लागत नाही. यातला अपचिती सोडून द्या. संस्कृतातच त्याचा दुसरा अर्थ ऱ्हास, झीज असा आहे, आणि मराठी कानाला तर थेट अपचन ऐकू येतं. पण सपर्या आणि नमस्या ही दोन नावं फार कमी ठेवली जातात आणि आमच्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी नावं तीच. लौकिकासाठीही तिथंच ओळ आहे: यश, कीर्ती, समज्ञा. समज्ञा म्हणजे कीर्ती. मराठी उच्चार ‘समद्न्या’. फक्त संज्ञा असं ऐकून तसंच लिहून घेणारे भेटतील, त्याची तयारी ठेवा.

दुसरी खाण ललितासहस्रनाम, म्हणजे देवीच्या हजार नावांचं स्तोत्र. अंबाबाईच्या गावात घरोघरी कुणा ना कुणाला ते पाठ असतं. त्यात महनीया आहे, वंद्या आहे, महापूज्या आहे, आणि ‘मनस्विनी मानवती’ असा जोड सलग आला आहे. मनस्विनी म्हणजे मानी मनाची, ताठ कण्याची. दुसऱ्यानं दिलेल्या मानापेक्षा स्वतःचा स्वाभिमान नावात हवा असेल तर हेच घ्यावं. श्रीसूक्तात कीर्ती आणि ऋद्धी जोडीनं मागितल्या आहेत. जुळ्या मुलींसाठी याहून चांगली जोडी शोधून सापडणार नाही. गीतेच्या दहाव्या अध्यायात स्त्रीलिंगी विभूती सांगितल्या आहेत त्यांतही कीर्तीचा नंबर पहिला: कीर्ती, श्री, वाक्, स्मृती, मेधा, धृती, क्षमा.

जैन घरांसाठी एक सुचवणं. अर्हा आणि अर्हणा ही नावं ज्या धातूची, त्याच धातूचा शब्द अर्हत्. णमोकार मंत्रातल्या अरिहंतांशी नातं राहतं आणि नाव जुनाटही वाटत नाही.

मान कुणाचा, कुठल्या बाजूचा?

एकाच धातूपासून पाच तऱ्हेची नावं निघतात आणि त्यांचा अर्थ एक नसतो. यादीत सगळ्यांपुढे ‘सन्मान’ एवढंच छापलेलं असतं, म्हणून घोळ होतो. मान हीच वस्तू हवी असेल तर अर्हणा, सपर्या, गरिमा, प्रतिष्ठा. जिला मान दिला गेला आहे ती महिता, आदृता, पूजिता, अर्चिता, सम्मता. मानाला पात्र ती मान्या, महनीया, आराध्या. जिच्यापाशी मान किंवा यश आहे ती मानवती, यशस्विनी. आणि दुसऱ्याला देणारी ती मानदा, यशोदा, कीर्तिदा. आजी-आजोबा ‘दुसऱ्याला मोठं करणारी पोर’ असा अर्थ मागत असतील तर यशोदा हेच उत्तर; आपण कृष्णाच्या आईपलीकडे त्याचा अर्थ बघतच नाही, एवढंच.

प्रतिष्ठाबद्दल जरा जास्त सांगायला हवं. त्याचा मूळ अर्थ घट्ट उभं राहणं, पाया. त्यात स्था धातू आहे. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा म्हणतो ती याच अर्थानं. दिखाऊ मोठेपणाचा वास त्याला नंतर लागला. मूळ अर्थ माहीत असला की नाव हलकं वाटत नाही.

कोशात शोधायचं कसं

वा. शि. आपटे यांचा संस्कृत कोश १८९०चा. आपटे शाळा शिकले ते कोल्हापुरातच. मोठ्या वाचनालयांत हा कोश असतो, इंटरनेटवरही मिळतो. पण ‘महिता’ किंवा ‘यशस्विनी’ असं जसंच्या तसं शोधलं तर बऱ्याचदा हाती काही लागत नाही, आणि मग लोक ठरवून टाकतात की शब्द खोटा आहे. तसं नसतं. कोशात मूळ रूप असतं, ते असं काढायचं:

शेवटी ‘ता’ असलेलं विशेषण असेल तर काना काढून अकारान्त शोधा: महिता नव्हे महित, मानिता नव्हे मानित. तेही न सापडलं तर धातूखाली जा. आदृता हवी तर आ आणि दृ या जागी बघा. शेवटी ‘इनी’ असेल तर ‘इन्’: यशस्विन्, मनस्विन्. गरिमा आणि महिमा यांच्यासाठी गरिमन्, महिमन्. हे दोन्ही शब्द संस्कृतात पुल्लिंगी आहेत हे बघून दचकू नका. आठ सिद्धींच्या नावांत अणिमा, महिमा, गरिमा, लघिमा शेजारी शेजारी बसतात आणि शेवटच्या आ-मुळं मराठीनं ती मुलींची करून टाकली. त्यात काही बिघडलेलं नाही.

‘यशस्वी’ हे संस्कृतातलं पुल्लिंगी रूप, मुलीसाठी यशस्विनी. मराठीत यशस्वी विशेषण म्हणून दोघांनाही चालतं, त्यामुळं ठेवलं तर चूक म्हणता येणार नाही. पण व्याकरणाच्या बाबतीत काटेकोर घर असेल तर आधीच ठरवा. ‘यश्वी’ मात्र कोणत्याच नियमात बसत नाही. ‘यशोश्री’सुद्धा नाही. यशस् मधला स् पुढं ग, द, ध, म अशी मृदू अक्षरं आली की ओ होतो, म्हणून यशोदा, यशोधरा, यशोमती. पुढं श आला की ओ होत नाही. तिथं यशःश्री, आणि रुळलेलं रूप यशश्री. हौसेनं दोन शब्द जोडून नवं नाव करणाऱ्यांनी हा एवढा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

एका वेलांटीचा किंवा एका अक्षराचा फरक कुठं महागात पडतो ते बघा. सम्मता म्हणजे जिला सगळे मानतात ती; सम्मिता म्हणजे मोजलेली. महिता म्हणजे आदरलेली, मोहिता म्हणजे भुललेली. अर्चिता पूजलेली, अर्पिता वाहिलेली. आणि सगळ्यांत वाईट: वंद्या म्हणजे वंदनीय, वंध्या म्हणजे जिला मूल होत नाही ती. द आणि ध यांतला फरक घाईत बोलताना राहत नाही. सहस्रनामातलं असलं तरी हे नाव टाळावं, त्याऐवजी वंदिता किंवा वंदना घ्यावं.

मराठी कानाची परीक्षा

कोशात मानाचं आणि गल्लीत चेष्टेचं, असं नाव पुष्कळदा निघतं. संस्कृत शब्द मराठीत येताना अर्थ बदलून येतात, आणि पोरगी वाढणार आहे ती मराठीत.

पूज्या घ्या. अर्थ पूजनीय, यात शंका नाही. पण मराठीत पूज्य म्हणजे शून्यही. ‘त्याला गणितात पूज्य मिळालं’ हे वाक्य ज्या मास्तरांच्या तोंडात आहे, त्यांच्या वर्गात ही मुलगी बसणार. पूजिता घेतलं की अर्थ राहतो आणि पूज्य टळतं.

मान्या हे सध्याचं लोकप्रिय नाव. अर्थ चोख: माननीय. अडचण अशी की आपल्याकडे मुलाच्या नावाचा पाणउतारा करायचा तर शेवटी ‘या’ लावतात: पक्या, संज्या, दिल्या. त्याच रांगेत मन्या आहे. मंगळवार पेठेतल्या गल्लीत ‘ए मान्या!’ अशी हाक गेली की वळून बघणारा पोरगाच असायचा. दुसरं, काना गेला की संस्कृतातही अर्थ बदलतो. मन्या म्हणजे मानेचा मागचा भाग, आणि आयुर्वेदात मान आखडण्याला मन्यास्तंभ म्हणतात. तरीही हेच नाव आवडत असेल तर घरात पहिल्या दिवसापासून काना लांबवून हाक मारायची सवय लावा आणि लघुनाव आपणच ठरवून टाका, नाहीतर ते गल्ली ठरवते.

मानदा हे चंद्राच्या सोळा कलांपैकी दुसऱ्या कलेचं नाव, अमृतेनंतरची. फार सुरेख. पण मराठीत मानद म्हणजे बिनपगारी: मानद सचिव, मानद सल्लागार. हसून घेणार असाल तर ठेवा. मानिनी संस्कृत काव्यात प्रियकरावर रुसून बसलेली नायिका. अर्थात मान आहे, पण तो रुसव्याचा. मानिता हा शब्द दुहेरी. एका बाजूनं सन्मानित, दुसऱ्या बाजूनं मानी-पणा, म्हणजे गर्व. गीतेत ज्ञानाची लक्षणं सांगताना सुरुवात अमानित्वापासून होते, हे जाणणारा एखादा पाहुणा बारशाला निघतोच. श्लाघा म्हणजे स्तुती, पण मराठीत ती आत्मश्लाघेपुरतीच उरली आहे. अस्मिता आज अभिमानाचा शब्द झाला असला तरी पतंजलींनी तो पाच क्लेशांत मोजला आहे. नमिता म्हणजे वाकवलेली. नम्र म्हणून लोक ठेवतात, चालतंय, पण मान हवा असेल तर नमस्या बरी.

अर्हा या नावाची गंमत लिहिण्या-बोलण्यात आहे. मराठीत जोडाक्षरातला र् लिहायच्या रफार आणि पापणीसारखा र् अशा दोन तऱ्हा आहेत. वऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ यांत दुसरा. अर्हा रफारानं लिहायचं आणि ‘अर्’ वर किंचित थांबून म्हणायचं. गुऱ्हाळाच्या प्रदेशात लोक हमखास ‘अऱ्हा’ म्हणणार. हे खटकत असेल तर अर्हणा घ्या. तीन अक्षरं असल्यानं तोल सांभाळला जातो.

आदृता या नावात ऋ आहे. मराठीत आपण ‘आद्रुता’ म्हणतो, हिंदीत ‘आद्रिता’. मुलगी पुढं पुण्या-मुंबईपलीकडं गेली की तिचं नाव बदललेलं असेल. आर्द्रा नक्षत्राशीही घोळ होतो. अर्थ उत्तम, पण आयुष्यभर अक्षर सांगत बसावं लागेल असं हे नाव आहे.

परीक्षा घ्यायची सोपी रीत: नाव निवडलं की गच्चीवरून खाली पाच वेळा मोठ्यानं हाक मारून बघा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आणि सर्वांत लहान पोराला उच्चारायला सांगा, मग फोनवर कुणाला तरी एकदाच सांगून लिहून घ्यायला लावा. तिघांपैकी दोघं चुकले तर दुसरं नाव बघावं. यशस्विनी इथं नेहमी पास होते, कारण यशू हे लघुनाव आपोआप पडतं. सपर्याची सपू होते. गरिमाला वर्गात उन्हाळ्यात ‘गरम’ ऐकावं लागेल, त्याला इलाज नाही.

चरणाक्षर हवं असेल तर

पत्रिका मानणाऱ्या घरात नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढतात. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे चरण सुमारे सहा तासांचा. म्हणून जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावरून घ्या, अंदाजे सांगू नका. मघा पहिल्या चरणाला ‘मा’ येतं: मान्या, मानवती, महिता, महनीया, मनस्विनी. कृत्तिका पहिला ‘अ’: अर्हणा, अर्चिता, आर्या, आराध्या. रोहिणी दुसरा ‘वा’: वंदिता, वरेण्या. मृग चौथा ‘की’: कीर्ती. उत्तरा फाल्गुनी तिसरा ‘पा’: प्रतिष्ठा. हस्त पहिला ‘पू’: पूजिता. अनुराधा पहिला ‘ना’: नमस्या. ज्येष्ठा दुसरा ‘या’: यशस्विनी, यशोधरा. धनिष्ठा पहिला ‘गा’: गरिमा. शततारका दुसरा ‘सा’: सपर्या, समज्ञा, सम्मता. आर्द्रेत ङ, हस्तात ण आणि उत्तराभाद्रपदेत ञ येतं. त्या अक्षरांवर नाव निघत नाही, तिथं नावरस नाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं ठेवण्याची चाल जुनीच आहे.

पूर्ण नाव आणि दाखला

नाव एकटं वाचू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्रात क्रम असा आहे: मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. चारही शब्द एका दमात म्हणून बघा. आईचं नाव माधवी, वडिलांचं महेश आणि आडनाव माने असेल, तर महनीया किंवा मानवती ठेवल्यावर ‘म’ची माळ होते. अशा घरात सपर्या मोकळी वाटते. नावाला ‘राजे’ किंवा ‘देवी’ जोडायची कोल्हापुरात हौस आहे. ती जोड कागदावर हवी की फक्त पत्रिकेवर आणि फलकावर, हे नोंदीआधी ठरवावं. एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, अशी स्थिती शाळेत आणि पासपोर्टला त्रास देते.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि ती राहत्या गावी नव्हे, तर जिथं जन्म झाला तिथं होते. कागल किंवा गडहिंग्लजची बाई कोल्हापूर शहरातल्या दवाखान्यात बाळंत झाली तर नोंद महानगरपालिकेकडे, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. बऱ्याच फेऱ्या इथंच वाया जातात. दवाखान्यात जन्म झाला तर माहिती दवाखाना कळवतो, पण तोवर बारसं झालेलं नसेल तर नोंद नावाशिवाय होते. यात घाबरण्यासारखं काही नाही. नाव नंतर घालता येतं: नोंद झाल्यापासून १२ महिन्यांत विनाशुल्क, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र एकदा लागलेलं नाव काढून दुसरं लावणं सहज होत नाही. दुरुस्तीची वाट मुख्यतः चुकीच्या नोंदीसाठी आहे. तेव्हा दवाखान्यात फॉर्म भरताना ‘सध्या काहीतरी लिहा, मग बघू’ असं अजिबात करू नका. जागा रिकामी सोडलेली परवडते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, म्हणून चूक राहिली तर ती सगळीकडे पसरते.

शुद्धलेखन असं: मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ, म्हणून कीर्ती, स्तुती, ख्याती. जोडनावात पहिल्या शब्दाची वेलांटी ऱ्हस्वच राहते: कीर्तिदा. रोमन स्पेलिंग घरी कागदावर एकदाच ठरवा. कीर्तीत दोन ‘ई’ की एक ‘आय’, मान्यात एक ‘ए’ की दोन, हे आई, बाबा आणि मामा यांनी तीन फॉर्मवर तीन तऱ्हांनी लिहू नये. रोमनमधून संगणकावर देवनागरी उमटवली की मान्याचं मन्या आणि अर्हणाचं अर्हना होतं. दाखल्याचा मसुदा समोर आला की नजर फिरवून मान हलवू नका, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचा. मान्याचा काना, अर्हाचा रफार, सम्मताच्या ‘म्म’ला चुकून लागलेली वेलांटी, वंदिताचा द. चूक दिसली तर छापण्याआधीच खिडकीशी उभं राहून दुरुस्त करून घ्या.